विनोबांचा अल्सर, दह्याची वाटी आणि तेरा वर्षांची पायपीट

पोटाच्या तक्रारी घेऊन येणारे बरेच रुग्ण डॉक्टरांकडे येण्याआधी सगळे घरगुती उपाय करून आलेले असतात. तिखट बंद, चहा निम्म्यावर, सकाळी कोमट पाणी, दुपारी ताक आणि रात्री औषधाच्या दुकानातून आणलेली ॲसिडिटीची गोळी. माळेगाव बुद्रुक, बारामती, इंदापूर या ऊसपट्ट्यात हे चित्र नेहमीचे आहे. कारखान्यातली पाळी, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी धरायला जाणे, जेवणाची वेळ कधी बारा तर कधी चार, आणि मधल्या वेळेत चहावर चहा. पोट दुखते, दही-ताक घेतले की बरे वाटते, पुन्हा दुखते. अशी चार-पाच वर्षे सहज निघून जातात.

अशा रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विनोबा भावे यांचे आयुष्य एका वेगळ्या बाजूने पाहावे असे मला वाटते. भूदान, गीताई, गांधीजींचे शिष्य हे सगळे आपण शाळेत वाचलेले असते. पण विनोबांना ड्युओडेनल अल्सर होता, तो अनेक वर्षे होता, आणि तो सोबत घेऊनच ते देशभर पायी फिरले, हे फारसे बोलले जात नाही. त्यांनी पोट कसे सांभाळले यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. न घेण्यासारखेही आहे.

वाईचे वर्ष

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, गागोदे गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते, त्यामुळे शिक्षण तिकडे झाले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींकडे पोहोचला. अंगाने बारीक, पण कामाला वाघ. शरीराचे लाड करणे हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नव्हता.

पुढच्या वर्षी प्रकृती खालावली. संस्कृतचा अभ्यासही करायचा होता. म्हणून त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली आणि ते वाईला आले. तिथे नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत उपनिषदे, ब्रह्मसूत्रे असा अभ्यास सुरू झाला. सोबत स्वतःच्या शरीरावर प्रयोगही सुरू झाले. वर्ष संपताना त्यांनी गांधीजींना पत्र पाठवून सगळा हिशोब दिला. सुरुवातीला रोज दहा-बारा मैल चालणे. नंतर जात्यावर सहा ते आठ शेर दळण. दळणाची मजुरी विद्यार्थ्यांच्या वाचनालयाला जाई. मग रोज तीनशे सूर्यनमस्कार. प्रकृती सुधारली.

आहाराचे प्रयोगही त्या पत्रात आहेत. मसाले त्यांनी सोडलेच. एक महिना फक्त केळी, दूध आणि लिंबू यांवर राहून पाहिले, आणि त्याने ताकद कमी झाली हेही प्रामाणिकपणे लिहिले. मग ते ज्वारीच्या दोन भाकरी, दूध, चार-पाच केळी आणि मिळाले तर एखादे लिंबू, अशा जेवणावर स्थिरावले.

डॉक्टर म्हणून मला या पत्रातली ती ताकद कमी झाल्याची नोंद सर्वांत मोलाची वाटते. आज मोबाइलवर कुठले तरी डाएट पाहून लोक महिनाभर फक्त फळे किंवा फक्त ज्यूस घेतात, अशक्तपणा येतो, आणि शरीरातली घाण बाहेर पडते आहे असे समजून पुढे रेटतात. विनोबांनी तसे केले नाही. प्रयोग फसला हे ओळखून ते भाकरीवर परत आले.

त्या भाकरीबद्दलही दोन शब्द. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि त्यांचे मुख्य अन्न म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजेच तंतू. ज्वारी, बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या, थोडे कच्चट केळे यांतून तो मिळतो. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. महागड्या पावडरीच्या डब्यावर प्रीबायोटिक म्हणून जे छापलेले असते, ते हेच. भाकरी आणि मटकीची उसळ खाणाऱ्या घरात तो डबा आणण्याची गरज सहसा नसते.

वजन चाळीस किलोवर

एप्रिल १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले आणि विदर्भ हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्यानंतर वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी एक कठोर प्रयोग केला. तासन्‌तास सूत कातायचे आणि त्या मजुरीत जेवढे भागेल तेवढेच खायचे. सूत कातणाऱ्या मजुराला पोटापुरते मिळते का, हे त्यांना स्वतःच्या शरीरावर पाहायचे होते.

उत्तर शरीरानेच दिले. १९३८ पर्यंत त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोवर आले. गांधीजी काळजीत पडले. त्यांनी आपल्याजवळ सेवाग्रामला येऊन राहण्याचे सुचवले, विनोबांनी नम्रपणे नकार दिला. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा विचार निघाला. गरिबाला जे परवडत नाही ते त्यांनाही नको होते. शेवटी वर्ध्यापासून पाच-सहा मैलांवर पवनारला, धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता, तिथे जाण्याचे ठरले.

नदी ओलांडताना विनोबांनी मनातल्या मनात सगळ्या जबाबदाऱ्या सोडून दिल्या. आश्रमाची कामे, चर्चा, वाद, योजना, सगळे. पहिले काही दिवस त्यांनी जवळजवळ काहीच केले नाही. मग खणायला सुरुवात केली, आधी दिवसात अवघी काही मिनिटे, पुढे हळूहळू वाढवत दोन तासांपर्यंत. भूक लागू लागली. वर्षभराच्या आत वजन सुमारे चाळीस पौंडांनी वाढले. त्या खणण्यातच राम-भरत भेटीचे एक जुने शिल्प जमिनीतून निघाले, ते आजही पवनारला आहे.

या प्रसंगाचा क्रम लक्षात घ्या. आधी मनावरचे ओझे उतरले, मग झोप आणि भूक आली, मग व्यायाम वाढला. मेंदू आणि आतडे यांच्यात मज्जातंतूंची थेट जोडणी असते. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे लाखो मज्जापेशींचे जाळे आहे. ताणात असताना जठर रिकामे होण्याचा वेग बदलतो, मोठे आतडे जास्त आकुंचन पावते आणि एरवी न जाणवणारा गॅसही दुखू लागतो. म्हणूनच परीक्षेच्या सकाळी जुलाब होतात आणि कर्जाचा हप्ता थकला की पोटात गोळा येतो. आयबीएस, म्हणजे रिपोर्ट सगळे ठीक पण पोट मात्र रोज बिघडलेले असा जो आजार आहे, त्यात ताण कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णाला सगळे मनाचे खेळ आहेत असे सांगून घरी पाठवणे मात्र चूक. दुखणे खरे असते.

पण आज कोणाचे वजन असे उतरत असेल तर त्याला नदीकाठी विश्रांतीला पाठवण्याआधी तपासण्या हव्यात. क्षय, मधुमेह, थायरॉइड, आतड्याचे आजार, कर्करोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. विनोबांच्या बाबतीत उपासमार हे कारण समोर दिसत होते.

भावंडांपैकी बाळकोबांना क्षयाने गाठले होते. ते त्यातून बरे झाले आणि पुढे आपल्या पुणे जिल्ह्यातच, उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात त्यांनी मणिभाई देसाईंसोबत दीर्घकाळ काम केले. हा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला. सोलापूर रस्त्याने पुण्याला जाणाऱ्या अनेकांनी त्याची पाटी पाहिली असेल. तिथला साधा आहार, चालणे, वेळेवर झोप यांनी पोट सुधारल्याचा अनुभव बरेच जण सांगतात आणि त्यात आश्चर्य नाही. क्षयाला मात्र आज पूर्ण मुदतीची औषधेच लागतात.

अल्सर म्हणजे नेमके काय

जठर संपून लहान आतडे जिथे सुरू होते, तो पहिला वीतभर भाग म्हणजे ड्युओडेनम. जठरातले तीव्र आम्ल इथे येऊन पडते. आतून एक चिकट संरक्षक थर असतो, तो कमजोर झाला की आम्ल अस्तराला खाते आणि जखम होते. हाच ड्युओडेनल अल्सर. याचे दुखणे बहुधा बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधल्या जागेत जाणवते. पोट रिकामे असताना आणि मध्यरात्री दुखते, काही खाल्ले की शमते. त्यामुळे रुग्णाला वाटते की आपल्याला थोडे थोडे सारखे खावे लागते, एवढेच.

विनोबांचा अल्सर भूदान यात्रेच्या काळात सर्वांना ठाऊक होता. त्यांचे जेवण म्हणजे मुख्यतः दही आणि दूध, सोबत थोडा मध किंवा गूळ. तेही एकदम नाही, दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे. मसाला, तेल, तळण काही नाही. हे पाहून लोकांना ते वैराग्य वाटे. वैराग्य होतेच, पण त्या काळाच्या वैद्यकशास्त्राशीही ते जुळणारे होते. शिकागोचे डॉक्टर बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये अल्सरसाठी तासातासाला दूध-साय आणि आम्ल मारणारी चूर्णे देण्याची पद्धत मांडली होती, आणि पुढची कित्येक दशके जगभरचे डॉक्टर तेच सांगत होते. दुसरा पर्याय शस्त्रक्रियेचा होता. आम्ल कमी करणाऱ्या आजच्यासारख्या गोळ्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या.

पहाटेचा कंदील

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झाले. विनोबा तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. त्यानंतर ते चालतच राहिले. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक. १९५८ मध्ये महाराष्ट्रात, पंढरपूरला. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

दिवसाचा साचा जवळजवळ ठरलेला. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, आणि अंधारातच कंदील पुढे धरून चालायला सुरुवात. दहा-बारा मैलांवरचे पुढचे गाव ऊन चढण्याआधी गाठायचे. दिवसभर भेटी, सभा, वाचन, मधूनमधून दही. रात्री लवकर झोप. गाव बदले, माणसे बदलत, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा फारशा बदलत नसत.

मला विचाराल तर त्यांच्या पोटाला दह्याइतकाच या वेळापत्रकाने आधार दिला असावा. आतड्यालाही घड्याळ असते. सकाळी उठल्यावर आणि जेवल्यावर मोठे आतडे आपोआप हालचाल करते. रोज त्याच वेळी उठून, पाणी पिऊन, शौचाला घाई न करता बसणाऱ्याला बद्धकोष्ठाचा त्रास कमी होतो. चालण्याने गॅस पुढे सरकतो, पोट फुगणे कमी होते. उलट रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये अपचन आणि आयबीएस जास्त आढळतात. पाळी बदलता येत नसेल तर निदान पाळीच्या आठवड्यात जेवणाच्या वेळा ठरवून घ्याव्यात, मध्यरात्री भरपेट जेवण्याऐवजी घरचा हलका डबा खावा आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच.

या काळातला एक प्रसंग पोटाचा नाही, पण सांगायला हवा. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमध्ये, आजच्या झारखंडातल्या चांडिल इथे विनोबांना जिवावर बेतणारा मलेरिया झाला. त्यांनी औषध नाकारले. ताप चढत गेला. शेवटी सहकाऱ्यांच्या आणि नेत्यांच्या आग्रहाखातर त्यांनी औषध घेतले आणि ते वाचले. त्यानंतरची जवळजवळ सगळी पदयात्रा त्या औषधामुळे झाली असे म्हणता येईल. संयमी, स्वतःच्या शरीरावर ताबा असलेल्या माणसांना औषध म्हणजे हार वाटते. घरातल्या अशा आजोबांना किंवा काकांना पटवताना चांडिलची ही गोष्ट उपयोगी पडते.

दही, मध आणि पुड्या

दह्याकडे येऊ. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, अनेक भारतीय प्रौढांना नीट पचत नाही. दही लावताना जिवाणू ती बरीचशी वापरून टाकतात, म्हणून दूध प्यायले की पोट गुडगुडणाऱ्यांनाही दही चालते. दह्यातल्या जिवाणूंनी आयुष्य वाढते असा सिद्धांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला, आणि प्रोबायोटिकचा आजचा सगळा बाजार तिथून सुरू होतो. घरचे ताजे दही चांगले अन्न आहे. पण त्यात कोणते जिवाणू किती आहेत हे विरजणागणिक बदलते, त्यामुळे ते मोजून दिलेले औषध नव्हे.

दुधाबद्दलचा समज मात्र बदलावा लागतो. दूध प्यायल्यावर जळजळ थोडा वेळ शमते हे खरे. पण त्यातले प्रथिन आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल करायला लावतात, आणि तासा-दोन तासांनी दुखणे परत येते. रात्री दर वेळी थंड दूध पिऊन झोपावे लागत असेल तर तो तपासणीचा इशारा समजावा. मध आणि गूळ हे शेवटी साखरच. मधुमेह असलेल्याने विनोबांची वाटी जशीच्या तशी उचलू नये, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये. शिवाय नुसत्या दही-दुधावर राहिले तर लोह, तंतू आणि क जीवनसत्त्व कमी पडते. अल्सरमधून रक्त झिरपत असेल तर अशा आहाराने पंडुरोग लवकर गाठतो.

आता दुकानात मिळणाऱ्या गोष्टी. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल किंवा पुड्या अँटिबायोटिक चालू असताना होणारे जुलाब काही प्रमाणात कमी करतात. अल्सर त्या भरून काढत नाहीत. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. इसबगोल बद्धकोष्ठाला चांगला, पण भरपूर पाण्यासोबत, नाहीतर तोच अडकून बसतो. ज्येष्ठमध घशाला आणि पोटाला बरे वाटते म्हणून लोक महिनोन्‌महिने चघळतात, त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. खाण्याचा सोडा रोज पाण्यातून घेणे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णाला घातक. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या शाकाहारी माणसाने ब-१२ तपासून घ्यावे. हातापायाला मुंग्या येत असतील तर लगेचच.

आणि सर्वांत मोठा दोषी बहुधा या यादीत येतच नाही. तो म्हणजे अंगदुखीची गोळी. ऊसतोड, खुरपणी, पोती उचलणे यानंतर कंबर-गुडघे दुखतात, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी गोळी रोज पोटात जाते. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनही याच गटातली, पण ती मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचे. या गोळ्या जठराचा संरक्षक थर पातळ करतात. संधिवाताची म्हणून मिळणारी विनानावाची पुडी आणखी वाईट, कारण तिच्यात कधी कधी स्टिरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळलेली आढळतात. बिडी-सिगारेटने अल्सर भरायला वेळ लागतो. तंबाखू, मिस्री आणि दारूही सोडलेलीच बरी. पिठले-भाकरीसोबतच्या ठेच्याने जळजळ वाढू शकते, अल्सर होत नाही. घरात भांडण या ठेच्यावरून होते आणि गोळ्यांची पाकिटे मात्र कपाटात तशीच राहतात.

१९८२

विनोबा १९७० पासून पवनार सोडून बाहेर गेले नाहीत. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी एक वर्ष मौन पाळले. नोव्हेंबर १९८२ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचे असताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांच्या उपचारांनी थोडी सुधारणा दिसत होती, पण ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. तो त्यांच्या श्रद्धेतून आलेला, पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय होता. रुग्णाने किंवा घरच्यांनी निराशेत औषधे थांबवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याची तुलना इथे करू नये.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल हे दोन डॉक्टर रुग्णांच्या जठरातला एक नागमोडी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न करत होते. दोन दिवसांत काही उगवले नाही की तबके फेकून दिली जात. ईस्टरच्या सुट्टीमुळे ती पाच-सहा दिवस तशीच राहिली आणि जिवाणू वाढलेला सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी. इतक्या आम्लात काही जगू शकत नाही असे मानणाऱ्यांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्यायला आणि स्वतःला जठरदाह करून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शतकभर ज्या अल्सरचा दोष तिखटाला, काळजीला आणि स्वभावाला दिला गेला, त्यातले बहुतेक ड्युओडेनल अल्सर या जिवाणूमुळे होत होते. विनोबांना हा संसर्ग होता का हे तपासण्याची सोयच त्यांच्या हयातीत नव्हती. त्यांच्या हातात होते ते सगळे त्यांनी केले, आणि त्या शिस्तीने दुखणे काबूत राहिले. मूळ कारणावर घाव घालणारे औषध तेव्हा कोणाकडेच नव्हते. तुमच्याकडे आहे.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात किंवा दूषित पाण्यातून शिरतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी लागत नाही. पण रिकाम्या पोटी दुखणे महिन्यापेक्षा जास्त चालले असेल, पूर्वी अल्सर झालेला असेल, किंवा घरात कोणाला जठराचा कर्करोग झालेला असेल तर ती करून घ्यावी. श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते, गरज असेल तर एंडोस्कोपी करतात. दुर्बिणीची ही तपासणी काही मिनिटांची असते. तिच्या भीतीने लोक वर्षे घालवतात, ते बघवत नाही.

काही लक्षणांत मात्र दही, ताक, गोळी यांपैकी कशाचीही वाट पाहायची नाही. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच म्हणजे आतून रक्त जाते आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चक्कर, घाम, धाप असेल तर तर्क करत बसू नका. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक सुरी खुपसल्यासारखे दुखून पोट फळीसारखे कडक होणे, या दोन्हींत त्याच रात्री, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचे. गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, हिमोग्लोबिन कमी निघणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू होणे, यांत एंडोस्कोपी लांबवू नये.

जिवाणू सापडला तर आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन किंवा अधिक अँटिबायोटिक्स, बहुधा चौदा दिवस. तोंड कडू होते, पोट बिघडते आणि आठव्या दिवशी बरे वाटले की लोक सोडून देतात. मग उरलेला जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. या दोन आठवड्यांत ताक-दही जरूर घ्या, मात्र काही अँटिबायोटिक्स दुधा-दह्यासोबत नीट शोषली जात नाहीत, तेव्हा दोन्हींत किती वेळाचे अंतर ठेवायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्या. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला का हे पुन्हा तपासतात. त्या तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येतो.